राक्षसाले खोड पाह्यजे

(स्थळ: बोरी अरब, तालुका दारव्हा. पानठेल्यासमोरचं बाकडं. पुण्याहून आलेला खेळकरी वहीत राक्षस काढतोय, शेजारी कास्तकार.)

खेळकरी : तीन डोकी, सहाशे हिट पॉइंट, तोंडातून आग. वीस बाजूंचा फासा कसाही पडो, खेळाडू विसरणार नाहीत काका!

कास्तकार : हा राह्यते कुठं? खाते काय? भेते कोणाले?

खेळकरी : कोणालाच नाही.

कास्तकार : मंग हा नुसता आकडा हाय बाप्पा. आकड्याले कोण भेते? सावकाराचा असन तर गोष्ट अलग. आपल्या चकव्याले ना दात, ना नखं. माणसाले रातभर त्याच शिवारात फिरवते अन् उजाडलं का सोडते. मुंज्या लग्नाआधी मेला, म्हणून पिंपळावर बसून लग्नाचीच आस धरते. एकेकाची एकच खोड, पण तिच्यावरून समजते का रात्री कोणत्या वाटेनं नाही जायचं. तुह्या तीन डोक्यावरून काय समजते? पळा! तेवढं तर कुत्रंबी शिकवते.

खेळकरी : पण जीवावर बेतल्याशिवाय थरार कसला? (थांबून) तसा एक अपवाद आहे म्हणा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली आला. त्यातला रस्ट मॉन्स्टर गायगॅक्सनं प्लॅस्टिकच्या स्वस्त खेळण्यावरून घेतला. त्याला माणसाचं मांस नकोच. मिशा लावतो, चिलखत गंजतं, आणि तो गंज खातो. ड्रॅगनवर धावून जाणारे वीर याला पाहून तलवारी लपवतात.

कास्तकार : मंग तूच सांगतलं का! जीव गेला तर दुसरा गडी घेऊन खेळता येते, कमावलेलं गेलं का माणूस रडते. २०१७ साली गुलाबी बोंडअळी कोणाले चावली? नखाएवढी अळी. बारकी असतानीच कपाशीच्या बोंडात शिरते, मागचं भोक बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवंगार, फुटलं का आत कवडी. फूलबी उमलत नाही, डोमकळी होते. बीटीच्या झाडातच इख होतं, तेबी पचवून बसली. असा राक्षस काढून दाखव.

खेळकरी : पण राक्षसाची खोड कळली की भीती जाते. गूढ राहिलं पाहिजे.

कास्तकार : उलटं हाय. कामगंध सापळ्यात या अळीचे नर पतंग येतेत, ते मोजाचे. सलग ३ रात्री ८-८ आले का फवाऱ्याची वेळ झाली. पहिल्या रात्री आठ, दुसऱ्या रात्री आठ. आता तिसऱ्या रात्री कोणाले झोप येईन? ज्याले नियमच मालूम नाही, तो घोरत पडते. गूढ-बीढ त्याच्यासाठी.

खेळकरी : (वहीत खोडत) आणि हिला हरवायचं कसं? खेळाडूंना जिंकायची वाट तर हवी.

कास्तकार : हंगामानंतर कपाशी उभी ठेवून फरदड नाही घ्याची. हंगाम सरला का पराट्या उपटून वावर साफ कराचं. तिले खायलेच नाही भेटलं तर पुढच्या सालाले येईन कुठून? पण एकट्यानं करून भागत नाही. शेजाऱ्याच्या वावरात उभ्या राह्यल्या का आली वापस.

खेळकरी : म्हणजे चौघांनी मिळून, शेजाऱ्यालाही पटवून! हे जमेल. पण काका, शिकलेली चार माणसं शनिवारची रात्र पराट्या उपटण्यात घालवतील?

कास्तकार : फुकट?

खेळकरी : उलट खेळासाठी पैसे मोजतात.

कास्तकार : (पान थुंकून) त्यायचा नंबर दे मले.