गूळ, साबण आणि गुडघा

नवा करार उघडावा तर पहिल्याच पानावर यादी. ना तारा, ना मेंढपाळ, ना गव्हाणी. अब्राहामापासून निघून योसेफापर्यंत येणारी नावांची लांबलचक रांग, तीही चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गठ्ठे बांधून लावलेली. नाताळाआधीच्या उपासनेत हा उतारा ज्याच्या वाट्याला येतो, तो जरुब्बाबेलापाशी एकदा घसा खाकरतो आणि सगळी मंडळी त्याला मनोमन धीर देते. मला मात्र ही यादी मनापासून आवडते. परंपरेनं सांगितलेलं खरं मानलं, तर हा मत्तय म्हणजे जकातीच्या नाक्यावर बसणारा तोच. येशूनं हाक मारली तसा तो नाका सोडून उठला, पण ओळीनं नोंदी घालायची हाताची सवय बहुधा त्याच्याबरोबर उठून आली असावी. आणि कारकून मोठा सचोटीचा. तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको. ज्यांच्यापाशी दुसऱ्या कुणी शाईचा थेंब सांडून नाव पुसट केलं असतं, त्या बायका यानं बिनदिक्कत लिहून ठेवल्या आहेत.

माझ्या आईला याद्यांचं असंच वेड होतं. ती नगरला शाळेत शिकवायची. रविवारच्या उपासनेची छापील पत्रिका घरी आली की तिची कोरी बाजू आठवडाभर आईच्या ताब्यात असे. पुढल्या बाजूला गीतांचे क्रमांक, मागल्या बाजूला गूळ, कपड्याचा साबण, हातशेवया, दळण. त्याच्याखाली, मध्ये रेघसुद्धा न मारता, पाळकांच्या सासूबाईंचा गुडघा. मग धाकट्या मावशीचं बाळंतपण, दशांशाचं पाकीट, समोरच्यांच्या मुलाची दहावी, रॉकेल. बाजारहाट आणि प्रार्थना यांना वेगवेगळे कागद लागतात, हे तिच्या कधी गावीच नव्हतं. कागद वाचवायचा, हे कारण ती सांगे. मला वाटतं तिला खरोखरच फरक दिसत नसावा. संपलेली वस्तू आणि दुखणारा माणूस, दोन्हींची आठवण ठेवायची असते एवढंच तिला ठाऊक.

डाळमंडईतल्या दुकानदारापुढे ती यादी जाई तेव्हा गंमत होई. नवा आलेला पोऱ्या मोठ्यानं वाचत माल काढायचा. एकदा तो साबणाच्या वड्या मोजून थांबला आणि म्हणाला, "बाई, पुढे गुडघा लिवलाय. किती द्यायचा?" शेठजी हसले. आई शांतपणे म्हणाली, "तो तुमच्याकडे मिळायचा नाही. तो मला दुसऱ्या दुकानातून आणायचाय." शेठजी समजले. आमच्या देवाशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण त्यानंतर आई दिसली की उधारीच्या आधी ते गुडघ्याची चौकशी करत. पाळकांच्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांना आधी संकोच वाटला आणि मग बरंच बरं वाटलं. गुडघ्यालाही वाटलं की नाही, याची नोंद सापडत नाही.

याद्या करून देवाजवळ जाऊ पाहणारे थोर लोकही होऊन गेले. अमेरिकेतला जोनाथन एडवर्ड्स एकोणिसाव्या वर्षी, 1722 मध्ये, स्वतःसाठी निश्चय लिहू लागला आणि पुढल्या वर्षापर्यंत ते 70 झाले. शिवाय आठवड्यातून एकदा सगळे वाचून काढायचे, हेही लिहून ठेवलेलं. संत इग्नेशियस लोयोलांची तऱ्हा याहून नाजूक. 1548 मध्ये छापलेल्या त्यांच्या साधनेच्या पुस्तकात एक युक्ती आहे. आपला एकच दोष निवडायचा, रोजच्या दोन रेघा आखायच्या आणि दोष घडेल तितके ठिपके त्यांच्यावर द्यायचे. पहिल्या दिवसाच्या रेघा लांब, पुढच्या दिवसांच्या आखूड होत गेलेल्या. अपेक्षा ही, की आठवडा सरेल तसे दोषही सरतील. शनिवारच्या चिमुकल्या रेघांवर ठिपके मावलेच नाहीत, तर काय करायचं ते बिचाऱ्या साधकानं पाहावं. या रेघांत मला त्या कडक संताचा स्वभाव फार हळवा दिसतो. त्यानं माणसाच्या सुधारण्यासाठी आधीच जागा बेतून ठेवली आहे.

यादीला खोडही आहेच. लूकच्या शुभवर्तमानातला तो परूशी मंदिरात उभा राहून आपली यादी वाचतो: आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश. एकही नोंद खोटी नाही, आणि तरी तो कागद देवापुढे धरण्यासारखा नाही. उलट घर असंही असतं जिथे यादी टिकतच नाही. नगरमध्ये संसार केलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी त्यांच्या किराण्याची काळजी वाटते. रेव्हरंड टिळकांच्या हातून घरातला पैसा आणि वस्तू कधी कुणाच्या पदरात पडतील याचा नेम नसे. अशा घरात काय संपलंय ते लिहिण्याऐवजी काय उरलंय ते लिहिणं सोपं.

पण माझ्या मते याद्यांचा खरा राजा पौल. रोमकरांस लिहिलेलं एवढं मोठं, एवढं गहन पत्र, आणि शेवटचा अध्याय म्हणजे सरळ माणसांची यादी. फिबीला नीट सांभाळून घ्या, प्रिस्का आणि अक्विला यांना सलाम सांगा, रूफाला सांगा, त्याच्या आईलाही सांगा, ती मलाही आईसारखीच. इतकी नावं लिहून हात दुखला असेल तो लेखनिक तर्तिय, तोही मध्येच आपला सलाम घुसवून देतो. पौल काही त्याला खोडायला लावत नाही. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, तुरुंगात मरण समोर दिसत असताना, तो सामानाची चिठ्ठी लिहितो: त्रोवसला कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. हिवाळ्याच्या आत ये. सार्वकालिक जीवनाची खात्री असलेल्या माणसालाही थंडी वाजते आणि वाचायला काहीतरी लागतं, हे वाचून मला फार आधार वाटतो. ही चिठ्ठी आईच्या हातात पडती, तर तिनं झगा आधी धुऊन दिला असता.

आईच्या यादीत आणलेली वस्तू खोडली जाई, माणूस मात्र खोडला जात नसे. बरं झालेल्याच्या नावापुढे ती बारीक खूण करी. जे गेले, त्यांची नावं पुढल्या रविवारच्या कागदावर उपकारस्तुतीच्या रकान्यात उतरत. रकाना म्हणजे नुसती कोपऱ्यातली जागा. रॉकेलची बेरीज वाढली की ती जागा अगदी चिंचोळी होई, पण राही.

नाताळच्या फराळाची ताटं कुणाकुणाकडे जायची, ती यादी सगळ्यांत मोठी. तिच्यात दरवर्षी एक नाव खोडलेलं आणि त्याच्याच शेजारी पुन्हा लिहिलेलं असे. नळाच्या पाण्यावरून ज्यांच्याशी तिचं कायमचं बिनसलं होतं, त्या शेजारीणबाईंचं. प्रीती अपकार स्मरत नाही, हे करिंथकरांस पत्रातलं वचन आईला पाठ होतं. त्यामुळे खोडण्याचा राग आणि पुन्हा लिहिण्याचा पश्चात्ताप एकाच दुपारी उरके. ताट जाई, वर क्रोशाचा रुमालही घातलेला असे. पण मी ते पोचवायला निघताना वाटेत रुमाल उचलून पाहत असे. त्या ताटात करंज्या इतरांपेक्षा एकीनं कमी असत.