बांगड्यांचा घाऊक भाव

आमच्या कॉलनीच्या मैदानावर रोज संध्याकाळी साडेपाचला क्रिकेटचा वर्ग भरतो. सर मनाने चांगले आहेत. एखाद्या पोराची ऐपत नसेल तर पदरच्या पैशाने ग्लोव्हज घेऊन देतात. पण झेल सुटला की त्यांच्या तोंडून एकच वाक्य सुटतं, ‘काय रे, बांगड्या भरल्यात का हातात?’ बॅट चेंडूपर्यंत पोचली नाही तर ‘बायकांसारखं काय खेळतोस?’ आणि पोरगं रडलंच, तर ‘पोरगी आहेस का?’ चुका तीन प्रकारच्या, औषध एकच. आमच्या लहानपणी सरकारी दवाखान्यात लाल मिक्श्चर मिळायचं, तसं.

या औषधाची बाजारपेठ केवढी आहे हे मला परवा कळलं. भाचीच्या लग्नासाठी चुडा आणायला कासाराकडे गेलो होतो. मामा बिनकामाचे बसले होते. म्हटलं, धंदा कसा काय? म्हणाले, ‘लग्नसराईचं काही खरं नाही, पण आंदोलनं बरी चालली आहेत.’ मोर्चेवाले म्हणजे लाख गिऱ्हाईक. उधारी नाही, घासाघीस नाही. ‘आणि एक सांगू? दोन-चार की दोन-सहा, माप कधी विचारत नाहीत!’

माप विचारतील कशाला? बांगड्या भरायच्या असतात रस्त्यातले खड्डे न बुजवणाऱ्या कार्यकारी अभियंत्याला. गेल्या पावसाळ्यात असा एक आहेर मी डोळ्यांनी पाहिला. आघाडीवर महिला कार्यकर्त्या होत्या. कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेल्या एक ताई साहेबांच्या टेबलावर बांगड्यांचा डबा आपटून सांगत होत्या की, तुम्ही अगदीच नादान, तेव्हा आता या घाला. म्हणजे तुम्ही आमच्यासारखेच, हे ऐकवायला त्या स्वतःच भर उन्हात चार किलोमीटर चालत आल्या होत्या. साहेबांनी बांगड्या ठेवून घेतल्या. खड्डेही ठेवले.

असो. विषय खेळाचा आहे.

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवा. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना. पावसाने दोन तास खाल्ले आणि खेळ मध्यरात्रीपर्यंत लांबला. शेफाली वर्माने ८७ धावा कुटल्या. रोहतकमध्ये मुलगी म्हणून अकादमीत घेईनात, तेव्हा वडिलांनी हिचे केस कापून हिला मुलगा म्हणून मैदानात उतरवलं होतं. दीप्ती शर्माने पाच बळी घेतले. शेवटचा झेल हरमनप्रीतने उलटं पळत जाऊन घेतला. आमचे सर टीव्हीसमोर उभे राहून ‘याला म्हणतात झेल!’ असं ओरडले. बांगड्यांचा विषय त्या रात्री निघाला नाही.

कॉलनीत फटाके फुटले. सोसायटीचे अध्यक्ष नाना गच्चीवर चढून ‘आमच्या पोरी! आमच्या सांगलीची स्मृती!’ करत होते. त्यांच्या खऱ्याखुऱ्या पोरीची पोर, म्हणजे नात, मात्र खाली घरात होती. सातनंतर तिला मैदान बंद. सातच्या आत घरात हा नानांचा नियम त्या अकरा जणींनी पाळला असता, तर दक्षिण आफ्रिकेची फलंदाजी बघायला आपल्याकडचं कुणीच उरलं नसतं.

नाना दुष्ट नाहीत, काळजीवाहू आहेत. मैदानाच्या फाटकापासून बसस्टॉपपर्यंत अंधार असतो आणि त्या अंधारात टवाळ पोरं उभी असतात, हे त्यांना ठाऊक आहे. सोसायटीच्या सभेत दोन ठराव आले. रस्त्यावर दिवे लावण्याचा ठराव निधीअभावी तहकूब झाला. मुलींची बॅच साडेसहाला संपवण्याचा ठराव पाच मिनिटांत एकमताने मंजूर झाला. टवाळांच्या वेळापत्रकाला कुणी हात लावला नाही. त्यांचीही काही मतं असतील.

शिवाय नानांचं धोरण थेट वरून आलेलं आहे. त्याच स्पर्धेत, अंतिम सामन्याच्या दहा दिवस आधी, इंदूरमध्ये कॅफेकडे चालत निघालेल्या दोन ऑस्ट्रेलियन खेळाडूंची मोटारसायकलवरच्या एकाने छेड काढली. त्याला पोलिसांनी पकडलं, हे चांगलंच झालं. मग तिथले एक मंत्री बोलले: खेळाडूंनी बाहेर पडताना प्रशासनाला कळवायला हवं होतं, त्यांनाही यातून धडा मिळाला. तेव्हाच्या जगज्जेत्या संघातल्या बाईने कॉफी प्यायला जायचं तर आधी अर्ज करावा. मोटारसायकलवाल्याने अर्ज करावा, असं कुणी सुचवलं नाही.

आणि जिने अर्ज केलाच, तिचं काय होतं? २०२३ च्या जानेवारीत कुस्तीगीर जंतरमंतरवर बसल्या. साक्षी मलिक, विनेश फोगाट; सोबत बजरंग पुनियाही होता. महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचा आरोप होता. त्यांनी तो नाकारला, प्रकरण कोर्टात गेलं. त्याचा निवाडा कोर्टाने करावा, सदर लिहिणाऱ्याने नव्हे. पण एक तपशील मी जपून ठेवलाय. २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समितीची अध्यक्ष स्त्री हवी आणि निम्म्या तरी सदस्य स्त्रिया हव्यात. महासंघाच्या समितीत पाच जण होते, अशा बातम्या तेव्हा आल्या. अध्यक्ष पुरुष, आणि पाचांत बाई एकच, खुद्द साक्षी मलिक! म्हणजे साक्षीने तक्रार करायची, ती साक्षीनेच वाचायची आणि चार पुरुषांना समजावून सांगायची. नावाप्रमाणे साक्षही तिनेच द्यायची. एवढी काटकसर आमच्या सोसायटीलाही जमलेली नाही.

एप्रिलमध्ये त्या पुन्हा जंतरमंतरवर बसल्या. रस्त्यावर बसल्याने देशाची प्रतिमा डागाळते, असं त्यांना ऐकवण्यात आलं. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना फरपटत उचललं आणि प्रतिमेची घडी पुन्हा नीट बसवली. मॅटवर प्रतिस्पर्ध्याला चितपट केलं की ती देशाची लेक. बोलायला उभी राहिली की बेशिस्त.

आता थोडं सरांच्या बाजूने. त्यांचं खरं दुखणं शब्दांचं आहे. मी त्यांना ‘परिवर्तन’ या उपक्रमाची गोष्ट सांगितली. पंधराएक वर्षांपूर्वी मुंबईतल्या शाळांच्या क्रिकेट प्रशिक्षकांना हाताशी धरून तो राबवला गेला. मूळ कल्पना अमेरिकेतली. पोरगं बापाचं ऐकत नाही पण कोचचं ऐकतं, तेव्हा बाईशी कसं वागावं हे कोचनेच नेट्सच्या आधी बोलावं, इतकी साधी. गोवंडीच्या शिवाजीनगरात पुढे मुलींसाठी कबड्डी आली. पहिली चढाई आईबापांवर करावी लागली, कारण पोरीने उघड्या मैदानात दम घुमवायचा हेच घरच्यांना झेपेना. बरं, कबड्डीत उतरताना बांगड्या काढून ठेवाव्या लागतात. सरांच्या हिशेबाने पाहिलं तर मैदानावरच्या प्रत्येक खेळाडूने त्या काढलेल्याच असतात, मग झेल सुटतो तो नेमका कशाने?

सरांनी सगळं ऐकून घेतलं. ‘पटतं हो,’ म्हणाले. ‘पण पोराला पेटवायचं कसं मग?’ मी कुस्तीचा दाखला दिला: महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या पुरुषांना १९६१ पासून, आणि पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीत २०२३ मध्ये ठरली, प्रतीक्षा बागडी. तिच्या वस्तादाने तिला पेटवताना ‘बांगड्या भर’ म्हटलं असेल का, असं मी विचारलं. सर बराच वेळ पिचकडे बघत राहिले.

काल मुलींच्या बॅचमधली ऑफस्पिनर बहिणीच्या साखरपुड्यातून थेट मैदानावर आली. दोन्ही हातांत डझनभर हिरव्या बांगड्या. तिने त्या काढून ‘सर, जरा धरा, फुटतील’ म्हणत सरांच्या हातात दिल्या आणि रनअप मोजायला गेली. ट्रॅकपँटला खिसा नाही. सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्या मुठीत धरून ठेवल्या. तेवढ्यात मिडऑनला नानांच्या नातवाने लोण्यासारखा झेल सोडला.

सरांनी सवयीने हात उगारला, तोंड उघडलं. मुठीतल्या बांगड्या किणकिणल्या.

‘अरे...’ सर म्हणाले. ‘अरे, अरे... बघत जा की जरा चेंडूकडे!’