अपक्षाने उभे कसे राहावे आणि केव्हा बसावे

अजिंठ्याच्या इच्छुकाने आधी आपला मतदारसंघ तपासावा. जिल्हा छत्रपती संभाजीनगर, तालुका सिल्लोड, खासदार मात्र जालन्याचा. मतदारसंघच तडजोडीचा, तेव्हा आपण लाजू नये.

लोकसभेला अनामत 25,000 रुपये, सूचक दहा. सूचकांत सख्खे चुलते टाळावेत. त्यांची समजूत सर्वांत आधी निघते.

निवडून यायची हाव धरू नये. जय-पराजयाच्या फरकापेक्षा आपली मते जास्त भरली की झाले. 2019 ला औरंगाबादेत इम्तियाज जलील यांनी चार वेळचे खासदार चंद्रकांत खैरे यांना 4,492 मतांनी हरवले. ट्रॅक्टरवाल्या अपक्ष हर्षवर्धन जाधवांना 2,83,798 मते. काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराची अनामत गेली, अपक्षाची वाचली! 2024 ला जालन्यात रावसाहेब दानवे 1,09,958 मतांनी पडले आणि अपक्ष मंगेश साबळे 1,55,930 मते घेऊन गेले. ती मते एरवी कुणाला गेली असती, हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. आपणही सांगू नये. दोन्हीकडच्यांना आपापला हिशेब मांडू द्यावा.

खरी परीक्षा माघारीच्या दिवशी. सकाळी फोन बंद ठेवून शेतावर जावे. अकराला मेहुणा येतो, बाराला तालुकाध्यक्ष, एकला ‘साहेब बोलतायत’ म्हणून कुणाचा तरी मोबाइल कानाला लावला जातो. ‘जिल्हा परिषदेला तुमचाच विचार करू,’ असे ऐकू येते. ‘कार्यकर्त्यांना विचारून सांगतो,’ म्हणावे. कार्यकर्ते शेजारीच भजी खात असले तरी. महामंडळाचा शब्द निघाला तर कोणते, ते तिथल्या तिथे विचारून घ्यावे. बरीचशी महामंडळे फक्त पाटीपुरती असतात. अडीचला भाव सर्वांत चढा. तीन वाजले की खिडकी बंद, मग कितीही जाहीर पाठिंबा द्या, नाव यंत्रावर राहते.

अमेरिकेतही हेच. 2024 ला रॉबर्ट केनेडी धाकटे अपक्ष उभे राहिले, ऑगस्टमध्ये ट्रम्प यांना पाठिंबा देऊन बसले. मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या मतपत्रिकांवर नाव तसेच राहिले. पण गडी महामंडळावर थांबला नाही, आरोग्य खातेच घेऊन आला.

आपल्या सिल्लोड विधानसभेला 2024 ला अब्दुल सत्तार 2,420 मतांनी निवडून आले. एवढी मते ज्याच्या भावकीत आणि पाहुण्यारावळ्यांत निघतात, त्याने पुढच्या वेळी शेतावर रेंज येते का, तेवढे आधी बघून ठेवावे.