उठलेच आहात तर

माझं घर किरनापुरात आणि कचेरी बालाघाटला. बस गाठायची तर साडेआठला स्टँडवर उभं असावं लागतं, आणि मी उठतो साडेसातला. मधल्या तासात दाढी, अंघोळ, देवपूजा, नाश्ता, डबा आणि चष्म्याचा शोध एवढं सगळं उरकण्याची माझी सतरा वर्षांची साधना आहे. देवाला फूल वाहताना कानामागे दाढीचा फेस असतो. देवाने कधी तक्रार केलेली नाही. तक्रार बायकोची असते, आणि ती रास्त असते.

कचेरीतल्या एका तरुण सहकाऱ्याने मला रॉबिन शर्मांचं ‘द फाइव्ह एएम क्लब’ वाचायला दिलं, हिंदीतलं. पुस्तक २०१८ सालचं, पण माझ्यापर्यंत यायला त्याला वेळ लागला; मीही कुठे वेळेवर पोहोचतो? त्यात पहाटे पाचच्या पुढच्या तासाचे तीन तुकडे सांगितले आहेत. वीस मिनिटं घाम गाळायचा, वीस मिनिटं चिंतन, वीस मिनिटं अभ्यास. मी वहीत रकाने आखले. चिंतनासाठी निळी शाई, घामासाठी लाल.

वाचता वाचता आपले लोकही आठवले. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येचा अध्याय सुरूच होतो तो ब्राह्ममुहूर्तावर उठण्याच्या आज्ञेने. मात्र ही आज्ञा त्याने ‘स्वस्थ’ माणसाला केली आहे. आता मराठीत स्वस्थ पडून राहणारा तो स्वस्थ, हे वाग्भटाला कुणी कळवलं नसावं. मी हिशोब केला. सूर्योदयाआधी शहाण्णव मिनिटांनी मुहूर्त लागतो आणि अठ्ठेचाळीस मिनिटं टिकतो. एप्रिलच्या सुरुवातीला आमच्याकडे सहाच्या आसपास उजाडतं. म्हणजे चार चोवीस ते पाच बारा. एक सवलतही सापडली. १ जानेवारी १९०६पासून आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर चालतात आणि किरनापूर त्याच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य इथे घड्याळापेक्षा नऊएक मिनिटं मागे असतो. मुंबईचं जुनं घड्याळ तर एकोणचाळीस मिनिटं मागे होतं आणि तिथल्या लोकांनी ते १९५५पर्यंत सोडलं नाही. मला फक्त नऊच मिनिटं हवी होती. बायकोला हे समजावलं, तर ती म्हणाली, “सूर्याला बस पकडायची नसते.”

पाडव्याला सुरुवात केली. पाच वाजता एकदम उडी नको म्हणून आधी सहा.

सहाला उठून, सतरंजी काखेत मारून मी मागच्या खोलीतून बाहेर आलो तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला. कणीक मळून झाकलेली, एका शेगडीवर चहा, दुसरीवर पोह्यांचा कांदा परततोय. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ते चार शब्द उच्चारले. “अहो, उठलेच आहात तर…”

वाक्य तिने पुरं केलंच नाही. बोटाने नळ दाखवला. आमच्याकडे नळाला पाणी सहाला येतं, ही माहिती मला या वयात मिळाली. ड्रम, दोन हंडे, मोरीतली टाकी आणि तुळशीजवळची बादली, जिच्याखाली खडा ठेवला नाही तर ती कलंडते. ती कलंडली. घामाचा रकाना भरला, लाल शाईने. दुसऱ्या दिवशी ‘उठलेच आहात तर’मध्ये दूध आणणं आलं, तिसऱ्या दिवशी पोराचे बूट. घाम वीस मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं निघू लागला, चिंतन मात्र बसमध्ये ढकलावं लागलं. बसमध्ये ते छान होतं. मान खांद्यावर पडेपर्यंत.

सहाची वेळ आधीच दुसऱ्या कुणाच्या नावावर आहे, हे एका आठवड्यात कळलं. म्हणून पाच.

पाचला अंगणात गेलो. काळोख, गार वारा, वर दोनचार चांदण्या. ही जागा आपली, म्हणून मी सतरंजी अंथरली, डोळे मिटले, श्वास आत घेतला. आणि चेहऱ्यावर शेणपाण्याचे थेंब उडाले. आई सडा टाकत होती.

“कोण व्हय?” ती दचकली. मग मला ओळखून जास्तच दचकली. “कायले उठला रे एवढ्या लवकर? पोट दुखते का?”

नाही म्हटलं. तिला पटलं नाही. कपाळाला हात लावून ताप पाहिला. पन्नाशीच्या मुलाला सकाळी पाचला अंगणात पाहून आईला दुखणंच आठवावं, यात माझ्या आजवरच्या कारकिर्दीचं सारं आलं. आमच्या या भागात कचेरीत हिंदी, घरात मराठी, मामांकडे पवारी. १९५६ साली नागपूर आमच्यापासून सुटलं आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो, तेव्हापासून आळशी माणसाला तिन्ही भाषांत आळशी म्हणण्याची सोय झालेली आहे, आणि माझ्या बाबतीत तिन्ही वापरल्या जातात. आईने मला सतरंजी उचलायला लावून तिथलं झाडून घेतलं. तोवर माझा श्वास बाहेर पडून गेला होता.

त्या दुपारी मी थोरामोठ्यांचा आधार शोधला. बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्रात दिवसाचं कोष्टकच दिलंय. पाचला उठणं, प्रार्थना, दिवसाचा बेत, अभ्यास, न्याहारी, आठला कामावर. कोष्टक देखणं आहे. न्याहारी कुणी केली, याचा रकाना तेवढा नाही. जर्मन तत्त्ववेत्ता कांट तर याहून पक्का. त्याला रोज पहाटे पाचला त्याचा नोकर लाम्पे उठवायचा. मी कितीही विनवलं तरी मला पुन्हा झोपू द्यायचं नाही, असा मालकाचा हुकूमच होता. पाहुण्यांसमोर कांट लाम्पेला बोलावून साक्ष द्यायला लावायचा, की इतक्या वर्षांत मला कधी दुसऱ्यांदा हाक मारावी लागली का? लाम्पे नाही म्हणायचा. मालकाला दुसरं काय सांगणार? कांटवर कपाटंच्या कपाटं पुस्तकं निघाली. पण मला आता एवढंच जाणून घ्यायचं होतं की लाम्पे स्वतः किती वाजता उठायचा, आणि त्याला कोण उठवायचं.

म्हणून चार. चारला तरी कुणी नसेल.

चारला पाहिलं तर आई ओसरीत टोपली घेऊन बसलेली. धुऱ्यावरचा मोह मी विसरूनच गेलो होतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं रात्रभर आणि पहाटेला गळतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली असते, म्हणजे काळ्या राखेवर पिवळट फुलं अंधारातही दिसतात. उशीर केला की गुरं येऊन खातात. दर वर्षी अंगणात वाळत घातलेली मोहफुलं मी पाहत आलो; ती अंगणात येतात कशी, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

“उठलाच हायेस तं टोपलं धर,” आई म्हणाली. घरातला हा वाक्प्रचार नेमका कुणाचा आहे, ते तेव्हा कळलं.

बॅटरीच्या उजेडात धुऱ्यावरून गेलो. वास आधी आला, गोड आणि जड, डोकं किंचित हलकं करणारा. मग आवाज. टप्. थोडं थांबून टप्, टप्. फूल हातात घेतलं तर रसाने भरलेलं, बोटांना चिकटणारं, द्राक्षाएवढं. कमरेत वाकायचं, वेचायचं, पुढे सरकायचं. आई माझ्या दुप्पट वेगाने वेचत होती आणि बोलत होती, की मे महिन्यात तेंदूची पानं तोडायला जाणाऱ्या बाया याच्याही आधी निघतात, पन्नास पानांची एक गड्डी, दुपारभर गड्ड्या बांधायच्या आणि संध्याकाळी फडावर द्यायच्या. मी ‘हो, हो’ म्हणत होतो. वाकून बोलायला माझ्याकडे श्वास नव्हता.

झाडाच्या पलीकडे कुणीतरी हललं. शेजारच्या शेतातली बाई होती; तिचा मोह आमच्या धुऱ्याला लागूनच. तिची टोपली शिगोशीग भरलेली, दुसरी अर्धी. पदराने कपाळ पुसत तिने बॅटरीच्या उजेडात मला ओळखलं.

“काय जी भाऊ,” ती म्हणाली, “आज उशीर केला?”

मी घड्याळ पाहिलं. चार वाजून वीस मिनिटं. सूर्याच्या हिशोबाने चार अकरा.