काकूंना कोण तपासणार?

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या बडोद्याच्या जुन्या मराठी वस्त्यांत 'पाळणाघराच्या काकू' हमखास सापडतात. पाटी नाही, पावती नाही, तरी पत्ता रिक्षावाल्यालाही ठाऊक. मराठी आया त्यांना काकू म्हणतात, गुजराती आया मासी. काकू दोन्ही भाषांत सारख्याच खडसावतात. तपासणी हा त्यांचा स्थायीभाव. पोर आत घेण्याआधी त्या कपाळाला हात लावून ताप बघतात, नखं बघतात, डबा उघडून हुंगतात. डब्यात बिस्किटांचा पुडा निघाला, तर विद्यापीठात शिकवणारी आईसुद्धा नापास झाल्यासारखी जिना उतरते. औषधाची बाटली आली की आधी मुदत वाचायची, मग आईचं म्हणणं ऐकायचं. इतकी कडक तपासनीस सरकारला पगार देऊनही मिळायची नाही.

गंमत म्हणजे या तपासनिसाला तपासणारं कोणीच नाही. १९४८च्या कारखाने कायद्याने पाळणाघराची सक्ती केली ती कारखान्यांवर. २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ती ५० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांवर आली. काकूंच्या आस्थापनेत माणूस एकच, त्या स्वतः. म्हणून दिवाणखान्यातल्या पितळी कड्यांच्या झोपाळ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. त्याच्या फळीची कड रांगत्या पोराच्या बरोबर कपाळाशी येते. "सासऱ्यांच्या वेळचा आहे," काकू सांगतात. जणू वयाने झोपाळा शहाणा होतो. गच्चीच्या जिन्याला दार नाही, आणि उत्तरायणाच्या आठवड्यात तर घरच्यांचे डोळे आभाळात असतात. नखांतला मळ टिपणारी नजर स्वतःच्या घराला सरावलेली असते. दोष काकूंचा नाही. आपलं घर आपल्याला दिसत नाही, म्हणून तर परकी नजर हवी; घरगुती पाळणाघरालाही परवाना आणि तपासणी हवी.

यावर काकूंचं उत्तर तयार असतं: "इतकी पोरं वाढवली, एकाला ओरखडा नाही." खरं असेल, पण काल काही झालं नाही, हा उद्याचा दाखला होत नाही. १८ जानेवारी २०२४ला याच शहरात हरणी तलावात क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवलेली बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. चौकश्या त्यानंतर सुरू झाल्या. तपासणीची वेळ आधीची असते, एवढंच त्यातून शिकायचं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साहेब येणार, चहा पिणार, चिरीमिरी मागणार; काकू वैतागून पोरं घेणं बंद करणार आणि नोकरी सुटणार ती आईची. दोन खोल्यांच्या घराकडे शाळेइतके दाखले मागितले, तर हे नक्की घडेल. म्हणून परवाना घराच्या मापाचा असावा: साधी नोंदणी, पानभर यादी, न कळवता फेरी, आणि दंडाआधी दुरुस्तीला मुदत. शिवाय चिरीमिरी न घेणारा तपासनीस आयताच आहे: आई. २०१७च्या दुरुस्तीने आईला दिवसातून चार वेळा आस्थापनेच्या पाळणाघरात जायची मुभा दिली, काकूंचा नियम मात्र "मधे येऊ नका, पोर रडतं." दार दिवसभर उघडं, ही परवान्याची पहिली अट हवी. परवाना भिंतीवर लागला की काकू फी वाढवणार, यात शंका नाही. वाढवू द्या. तेवढ्यात जिन्याला दार बसत असेल, तर सौदा स्वस्तातला आहे.