दाजींची टाकी, मामांची हवा

देहूरोडच्या माणसाला आगीचं गांभीर्य वेगळं शिकवावं लागत नाही. गावात दारूगोळ्याचं कोठार आहे, ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, आणि काडेपेटी फाटकावर ठेवून कामाला जाण्यात लोकांच्या पिढ्या गेल्या आहेत. आमच्या मामांची अख्खी नोकरी तशीच गेली. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी लग्नाच्या मांडवात शिरल्यावर ते आधी बाहेर पडायच्या वाटा बघतात, मग नवरानवरी.

दाजी, म्हणजे आमच्या ताईचे यजमान, चाकणला नोकरीला. त्यांचं खातं खर्च कमी करण्याचं. कायझेनची, म्हणजे कामातल्या छोट्या छोट्या सुधारणांची, बक्षिसं घरातल्या शोकेसमध्ये देवांच्या वरच्या फळीवर मांडलेली. त्यामुळे स्वतःच्या गाडीने नेपाळ-भूतान करायचं ठरलं, तेव्हा मामींनी पशुपतिनाथाचं नाव काढलं, ताईने स्वेटर काढले आणि दाजींनी एक्सेल शीट काढली.

शीट अभ्यासपूर्ण होती. पेट्रोल अजून जीएसटीत नाही. केंद्राचं शुल्क सगळीकडे सारखं, पण व्हॅट ज्या त्या राज्याचा. त्यामुळे मध्य प्रदेशात पेट्रोल आपल्याइतकंच किंवा थोडं महागच, आणि उत्तर प्रदेशात शिरलं की लिटरमागे दहा-अकरा रुपयांनी उतरतं. दाजींची योजना अशी, की शिरपूरला टाकी फुल्ल करायची, अख्खा मध्य प्रदेश डोळे मिटून पार करायचा आणि झाशीला जाऊन ओतायचं. बेचाळीस लिटरची टाकी, सतराचं मायलेज, म्हणजे सातशे चौदा किलोमीटर. शिरपूर ते झाशी सातशेच्या आत. "बसतंय," दाजी म्हणाले.

"पेट्रोल बसतंय, पण माणसं?" मामींनी विचारलं. कारण मागच्या सीटवर दाजींनी वीस लिटरचा तेलाचा रिकामा कॅन ठेवला होता. स्वस्ताईत जादा भरून घ्यायला.

मामांनी तो कॅन दोन बोटांनी उचलला आणि म्हणाले, "जावईबापू, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, गाडीच्या तळाशी बसून राहते. वरून ऊन, आत प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर स्थिर वीज. आमच्याकडे असला माल ठेवायला वेगळी इमारत बांधायचे. तुम्ही तो माझ्या बायकोच्या मांडीशी ठेवताय." कॅन गेला. निदान त्यात पेट्रोल भरायचा बेत गेला. कॅनमध्ये मामींनी पिण्याचं पाणी भरायला सांगितलं आणि काठमांडूपर्यंत आम्ही शेंगदाणा तेलाच्या चवीचं पाणी प्यालो.

निघालो. इंदोरीला इंद्रायणी ओलांडली. याच नदीत तुकोबांनी सावकारीची खतं बुडवली म्हणतात. ताई मांडीवर लॅपटॉप उघडून दाजी सांगतील ते आकडे भरत होती. पुढे चाकण आलं आणि शीटचा पहिला रकाना कोसळला. ज्या पट्ट्यात एवढ्या गाड्या जन्माला येतात, तिथे त्यातली एकही चालत नव्हती. एसी लावून उभी असलेली गाडी तासाला पाऊण-एक लिटर सहज पिते. तळेगाव चौकातून नाशिक रस्त्याला लागेपर्यंत आम्ही शून्य मायलेज देत होतो. "इंजिन बंद करा," मामा म्हणाले. तेवढ्यापुरतं दाजींनाही पटलं.

शिरपूरला टाकी भरली. मग बिजासन घाट, इंदूर, गुणा. शिवपुरीच्या अलीकडे लाल दिवा लागला. कागदावर घाट नव्हता, एसी नव्हता आणि टपावरच्या कॅरिअरला बांधलेल्या बॅगाही नव्हत्या. दाजींनी एसी बंद केला. मे महिना होता. मामींच्या चेहऱ्याचा रंग दिव्याशी जुळायला लागला. पंपामागून पंप जात होते आणि दाजी प्रत्येकाकडे परस्त्रीकडे बघावं तसं बघून नजर वळवत होते. शेवटी मामांनी सांगितलं, "टाकीतला पेट्रोलपंप पेट्रोलमध्येच बुडून गार राहतो. टाकी कोरडी करून तो जाळलात, तर वाचवलेल्या चारशे रुपयांत त्याचं झाकणही येणार नाही." शिवपुरीला भरलं. त्या अर्ध्या तासात गारव्यासाठी जो उसाचा रस, ताक आणि आइस्क्रीम झालं, त्याचा हिशेब ताईने शीटमध्ये टाकू दिला नाही.

झाशीत मामांनी सूत्रं हाती घेतली. अर्ध्या बॅगा कुरिअरने घरी गेल्या, उरलेल्या डिकीत बसल्या, कॅरिअर लॉजवाल्याकडे ठेवलं. सकाळी टायर थंड असताना, चालकाच्या दारावरचा आकडा वाचून, हवा भरली. "वेग ऐंशी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. शंभरने गेलात की अर्ध्याहून जास्त वाढला." गोरखपूर येईपर्यंत मायलेज सतरावरून एकोणीसच्या वर गेलं. दाजी म्हणाले, "यूपीच्या पेट्रोलला दम आहे."

सुनौलीला सीमा ओलांडली. पलीकडे बेलहियात भन्सार, म्हणजे गाडीचं शुल्क, दिवसाप्रमाणे भरलं. पहिल्याच पंपावर दीडशेच्या वरचा आकडा बघून दाजींनी छातीला हात लावला. मग कळलं, तो नेपाळी रुपया. १.६ ने भागलं, तर भाव देहूरोडच्या आसपासच. असणारच. नेपाळ तेल घेतो इंडियन ऑइलकडून. मोतिहारीहून अमलेखगंजला डिझेल नेणारी ६९ किलोमीटरची पाइपलाइन २०१९ मध्ये सुरू झाली. आम्ही परदेशात जाऊन आपलंच तेल विकत घेत होतो, भन्सार भरून.

पशुपतिनाथ झाले. परत उतरताना नागढुंगाच्या घाटात दाजींचा हात गिअरवर गेला. "न्यूट्रलला टाकतो. उतारावर फुकट."

मामा पहिल्यांदाच ओरडले. "खंडाळ्याच्या घाटाजवळ राहून हे बोलता? कात्रजच्या उतारावर, नवले पुलाशी काय होतं ते वाचत नाही? न्यूट्रलला इंजिनाचा लगाम सुटतो, सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की पाय दाबायला असतो, गाडी थांबायला नसते." आणि मग थंडपणे, "शिवाय फुकट काही नाही. गिअरमध्ये पाय काढलात, की आताच्या गाडीत इंजेक्टर पेट्रोल बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं." धोका पत्करून वर पेट्रोलही जास्त जातं, हे ऐकून दाजींना जे दुःख झालं ते जिवाच्या भीतीने झालं नव्हतं. पुढचा घाट ते दुसऱ्या गिअरमध्ये उतरले.

काकरभिट्टाला मेची ओलांडून पुन्हा भारत, मग सिलिगुडी, जयगाव आणि भूतानचं फाटक. फुंटशोलिंगला पेट्रोल खरंच स्वस्त. जयगावची माणसं तिथे जाऊन भरतात. दाजींचे डोळे पाणावले. पण पुढे थिंफूला जायचं, तर २०२२ पासून भारतीय पाहुण्याला माणशी, रात्री बाराशे रुपये विकास शुल्क. लिटरमागे तीस रुपये वाचले असं धरलं, तर चाळीस लिटरला बाराशे. म्हणजे एका टाकीत एका माणसाची एक रात्र. आम्ही पाच. एका मुक्कामाचा खर्च काढायला पाच टाक्या, आणि त्या जाळायला तीन हजार किलोमीटरहून जास्त रस्ता.

"भूतानभर गोल गोल फिरावं लागेल," ताई म्हणाली.

थिंफूला गेलो. सुंदर आहे. तिथे चौकात सिग्नल नाहीत, पोलीस हातवारे करतो आणि गाड्या शांतपणे सरकतात. चाकणचा माणूस ते पाहून थोडा वेळ गप्प होतो.

आता दाजींची शीट सोसायटीत फिरते. गोव्याला, राजस्थानला निघालेले लोक ती मागून नेतात आणि शिवपुरीच्या लाल दिव्याची कथा दाजींच्या तोंडून पुन्हा ऐकतात. जोखमीच्या बचतीची गोष्ट होते. टायरमध्ये हवा होती, वेग ऐंशी होता, टपावर काही नव्हतं, याची गोष्ट होत नाही. खरी बचत तर तीच होती. म्हणून शीट पुढे पाठवताना मी त्यात 'मामा' नावाचा एक रकाना वाढवला. परत आली तेव्हा तो गायब होता आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं: जागा वाचवली.