आधी बंद पडलेलं दुकान दाखवा

डॉमिनोज पिझ्झाचं दुकान तुम्हाला मिळणार नाही. खिशात कितीही पैसे असले तरी नाही. भारतातली ती दुकानं जुबिलंट फूडवर्क्स ही कंपनी स्वतःच चालवते. पश्चिम आणि दक्षिण भारतातलं मॅकडोनाल्ड्स वेस्टलाइफकडे आहे, स्टारबक्स टाटांच्या भागीदारीत. तेव्हा ‘बारामतीत डॉमिनोजची फ्रँचायझी मिळवून देतो, आधी नोंदणी शुल्क भरा’ असं फोनवर सांगणारा माणूस चोर आहे, त्याची जास्त चौकशी करण्याचीही गरज नाही. फोन ठेवा.

अमूलचं पार्लर मात्र खरोखर मिळतं. गुंतवणूक काही लाखांत भागते, रॉयल्टी द्यावी लागत नाही. अशा ठिकाणी चोर येणारच. अमूलच्या नावाने बनावट वेबसाइट निघाल्या, 2020 मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि त्या बंद करण्याचे आदेश निघाले. धंदा थांबला नाही, नावं बदलली. कधी पेट्रोल पंप, कधी गॅस एजन्सी.

असं एक ‘मंजुरीपत्र’ मी नीट पाहिलं आहे. वर रंगीत लोगो, खाली गोल शिक्का, सही कुठूनतरी उचलून चिकटवलेली. आधी नोंदणी शुल्क, ते भरल्यावर एनओसीचे पैसे, मग फ्रीज आणि फर्निचरचं डिपॉझिट. प्रत्येक रकमेपुढे ‘परत मिळेल’ असं लिहिलेलं आणि प्रत्येक रक्कम आधीच्यापेक्षा मोठी. लेटरहेडवर बड्या कंपनीचं नाव, पण बँक खातं दुसऱ्याच राज्यातल्या कुण्या व्यक्तीच्या नावावर. खातेदाराचं नाव वाचायला पाच सेकंद लागतात. ते वाचा. आणि पैसे गेलेच असतील तर 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर लगेच फिरवा, रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत. घरी कसं सांगू, या लाजेत लोक आठवडा घालवतात आणि चोराला तेवढाच वेळ हवा असतो.

पण हे भुरटे झाले. मला जास्त राग त्यांचा येतो जे खोटी वेबसाइट काढत नाहीत. त्यांची कंपनी नोंदलेली असते, जीएसटी नंबर असतो, पुण्यात झकपक ऑफिस असतं, उद्घाटनाला मालिकेतली नटी येते. चहा, मिसळ, वडापाव, मोमो, काय हवं ते. एक दुकान धड दोन वर्षं चाललेलं नसताना ‘राज्यभरात दोनशे शाखा’ असं फ्लेक्सवर झळकतं. आणि फी भरायला येतो तो व्हीआरएस घेतलेला बँकेतला कारकून, गावचं रान विकून आलेला पोरगा, बायकोचे दागिने गहाण ठेवलेला एसटीचा कंडक्टर.

त्यांच्या माहितीपत्रकात आणि करारात काय फरक असतो तो शेजारी ठेवून बघा. माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर सांगतं की महिन्याला एवढा नफा, इतक्या महिन्यांत भांडवल वसूल. कराराच्या मागच्या पानावर बारीक टायपात असतं की कंपनीने उत्पन्नाची कोणतीही हमी दिलेली नाही, फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही, मसाला आणि कप कंपनीकडूनच घ्यावे लागतील, दर कंपनी ठरवेल, वाद झाल्यास लवाद कंपनीच्या गावी. तुमच्या दुकानापासून किती अंतरावर दुसरी शाखा देणार नाही, यावर एक ओळही नसते. माहितीपत्रकावर तुम्ही भुलता, कोर्टात करार चालतो.

त्यामुळे एकच गोष्ट शोधायची. कंपनीला पैसा कशातून मिळतो? दुकानातल्या विक्रीवरच्या रॉयल्टीतून मिळत असेल, तर तुमचं दुकान चालणं ही तिचीही गरज आहे. नव्या लोकांच्या फीमधून मिळत असेल, तर तुमचं दुकान उघडलं त्याच दिवशी तुमचं काम संपलं.

सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांना हे कुणी शिकवायला नको. 2019 मध्ये इस्लामपूरची कडकनाथची योजना कोसळली. कोंबडी अस्सल होती, झाबुआची, भौगोलिक मानांकन मिळालेली. कंपनीने शेतकऱ्यांना पिल्लं आणि खाद्य दिलं, अंडी आणि पक्षी चढ्या दराने परत घ्यायचा करार केला. त्या भावाने अंडं खाणारं गिऱ्हाईक बाजारात आहे कुठे, हा प्रश्न बाजूला राहिला. खरं गिऱ्हाईक होता पुढचा शेतकरी. तो यायचा थांबला तशी उचल थांबली, खाद्य थांबलं, शेडमध्ये पक्षी मरू लागले. गुन्हे दाखल झाले. कर्ज काढून शेड उभारणाऱ्याच्या हप्त्यांना त्या गुन्ह्यांचा काय उपयोग?

आपले कायदे घर जळाल्यावर धावतात. साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा 1978 चा आहे, ठेवीदारांसाठीचा राज्याचा एमपीआयडी 1999 चा, बेकायदा ठेवींवरचा केंद्राचा 2019 चा. फ्रँचायझीसाठी मात्र वेगळा कायदाच नाही. 1872 च्या करार कायद्यावर सगळं निभावलं जातं. अमेरिकेत 1979 पासून नियम आहे. सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी कंपनीने माहितीचा दस्त हातात द्यायचा. त्यात तपासलेले हिशेब, चालू खटले, किती दुकानं उघडली, किती बंद पडली आणि गेल्या वर्षात सोडून गेलेल्यांशी संपर्क कसा साधायचा, हेही असतं. आपल्याकडे एवढी माहिती मागितली तर सेल्समन म्हणतो, ‘साहेब, तुमच्या एरियात दुसरी पार्टी तयार आहे, उद्यापर्यंत टोकन द्या.’ टोकन मुळीच देऊ नका.

आपल्याकडे असा नियम येईपर्यंत हाताशी आहे ते वापरा. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर केंद्राच्या कंपनी व्यवहार खात्याच्या साइटवर शंभर रुपयांत तिचे ताळेबंद बघता येतात. लाखो रुपये भरणारे लोक हे शंभर वाचवतात, याचं मला फार वाईट वाटतं. ट्रेडमार्क नोंदला आहे की नुसता अर्ज केला आहे, हे तर फुकट दिसतं. आणि कंपनीने दाखवलेलं चालतं दुकान बघून परत येऊ नका. बंद पडलेल्या शाखेचा जुना फ्लेक्स गूगल मॅपवर अजून लटकत असतो. त्या गाळ्याच्या शेजारच्या पानवाल्याकडून मालकाचा नंबर मिळवा. दिवसाला किती कप जात होते, दूध केवढ्याचं, भाडं किती, माणसं किती, आणि तो बुडत असताना कंपनीतून कोण फिरकलं, हे तो तुम्हाला पाच मिनिटांत सांगेल.

आमदारांकडेही एक मागणं आहे. सहीआधी 14 दिवस, बंद शाखांची यादी, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब. तीन कलमांचं हे अशासकीय विधेयक पुढच्या अधिवेशनात कोणत्याही पक्षाच्या आमदाराने मांडावं. मसुदा लिहायला वकील लागला तर तो मिळवून द्यायची जबाबदारी मी घेतो.